आभार मानून मोकळे

आमच्या नाक्यावरचा फ्लेक्स दर महिना-दोन महिन्यांनी बदलतो. मजकूर बदलत नाही. वर 'जाहीर आभार', मधे एक मोठा चेहरा, भोवती अंगठ्याएवढे तीस-चाळीस चेहरे, आणि कशाबद्दल आभार ते खाली बारीक अक्षरात. कधी गटारावर झाकण टाकलं म्हणून, कधी दिव्याचा खांब उभा राहिला म्हणून, आणि मागे एकदा नळाला पाणी आलं म्हणून. झाकण, खांब, पाणी, तिन्ही आमच्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून. म्हणजे पैसे मी भरायचे, काम करणाऱ्याने त्याचा मोबदला घ्यायचा, आणि वर हात जोडून उभं मीच राहायचं. वाण्याने सुटे पैसे परत दिले म्हणून कोणी बोर्ड लावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

या कृतज्ञतेशी माझं भांडण आहे. आणि हे भांडण फक्त पुढाऱ्यांशी नाही. आजकाल जिकडेतिकडे कृतज्ञ राहा, कृतज्ञ राहा असं चाललंय. सकाळी मोबाइल उघडला की सूर्योदयाच्या चित्रावर 'जे मिळालं त्याबद्दल कृतज्ञ राहा'. मुलीच्या कंपनीत तर एक बाई येऊन सगळ्यांना वह्या देऊन गेल्या, रोज रात्री तीन गोष्टी लिहा म्हणून, ज्यांबद्दल आभारी आहात. मुलीने पहिल्या दिवशी लिहिलं: आई, नोकरी, विरार लोकल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी ती वही दूधवाल्याच्या हिशेबाला लागली. वहीचा तेवढा तरी उपयोग झाला.

पाण्याच्या फ्लेक्सचं सांगते. आमच्या आळीतलाच एक मुलगा, चांगला आहे, अडीनडीला रिक्षा घेऊन धावत येतो, तो घरी आला. "काकू, तुमचा एक फोटो द्या ना. पाण्याच्या बॅनरवर टाकतो. ज्येष्ठ नागरिक म्हणून."

मी म्हटलं, "देते. पण वर मोठ्या अक्षरात धामणीचं नाव टाक."

"धामणी? त्या कोण?"

"बाई नाही रे. गाव. तिथे धरण आहे. आपल्या नळाला जे पाणी येतं ना, ते तिथनं येतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण काकू, ते आपल्या वॉर्डात येत नाय ना."

त्याच्या या वाक्यात सगळं आलं. सूर्या नदीवरचं धामणीचं धरण मुळात आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या शेतीसाठी बांधलं. डहाणू, पालघर, विक्रमगड या बाजूची भातशेती दुबार व्हावी म्हणून. ज्यांची घरं-शेतं धरणाखाली गेली, त्यांना हेच सांगून उठवलं की पाण्याने तुमच्याच भावकीचं भलं होणार आहे. पुढे आपली शहरं फुगली आणि पाइप आपल्याकडे वळला. तिथल्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, 'आमचं पाणी आम्हाला द्या' म्हणाले. आपल्याकडे त्याची बातमी कशी आली? 'पाणीपुरवठ्यात अडथळा.' तहानलेल्याने पाणी पिऊ नये असं मी म्हणत नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीत चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा बायकांचे काय हाल होतात ते मी पाहिलेत. पण आभारच मानायचे तर फ्लेक्सवर चेहरा कोणाचा पाहिजे? ज्याने व्हॉल्व्ह फिरवला त्याचा, की ज्याच्या बांधावरून पाइप गेला आणि बांध कोरडा राहिला त्याचा? दुसऱ्याला मत नाही आपल्या वॉर्डात. म्हणून त्याला आभारही नाहीत.

आपल्या वसईवर पोर्तुगीजांनी 1534 पासून 1739 पर्यंत राज्य केलं. दोनशे पाच वर्षं. जाताना ते बरेच शब्द ठेवून गेले. पगार त्यांचा, चावी त्यांची, बादली त्यांची, पाव त्यांचा. त्यांचा आभाराचा शब्द आहे 'ओब्रिगादो'. त्याचा अर्थ 'मी बांधला गेलो'. तुम्ही माझ्यासाठी काही केलंत, आता मी तुमचा देणेकरी झालो. हा शब्द मात्र आपण घेतला नाही. कदाचित गरज नव्हती. तीच गोष्ट सांगायला आपल्याकडे 'ऋण' होतं, 'उपकार' होता, 'फेड' होती. तिन्ही शब्द हिशेबाच्या वहीतले आहेत. 'धन्यवाद' त्या वहीतला नाही. तो माझ्या लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये शेवटी एक गुरुजी म्हणायचे, तोपर्यंत अर्धी पोरं पळालेली असायची.

घरात तर आभार मानले तर राग यायचा. माझी आई कागड्याची आणि मोगऱ्याची फुलं घेऊन दादरला जायची. पहाटे तीनला उठून वाडीत बत्ती घेऊन कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, टोपली डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं आणि उजाडायच्या आत दादरच्या फुलबाजारात बसायचं. आमच्या गावातून अशा दहा-बारा जणी जायच्या. कोणी फुलं, कोणी अळू, कोणी कारली, कोणी केळ्यांचे लोंगर. माझ्या धाकट्या भावाच्या वेळेला आई दीड महिना घरी होती. त्या दीड महिन्यात आमची टोपली एकदाही थांबली नाही. शेजारची मावशी रोज स्वतःची आणि आमची, दोन टोपल्या न्यायची. परत आली की ओट्यावर बसून पदराची गाठ सोडायची. डाव्या गाठीत तिचे पैसे, उजव्या गाठीत आमचे. हमालाला दिलेले चार आणेसुद्धा निम्मे-निम्मे वाटलेले. आई पैसे घ्यायची, मोजायची नाही. "चहा टाकू?" एवढंच विचारायची. मावशी म्हणायची, "नको गं, म्हैस पान्हवली असेल." झालं.

मला शाळेत नुकतंच शिकवलं होतं की कोणी मदत केली तर आभारी आहे म्हणावं. मी म्हटलं तसं मावशीला, मोठ्या ऐटीत. मावशीचा चेहरा उतरला. ती आईला म्हणाली, "पोरगी असं काय बोलते? आपलं काय मिटवलं की काय?" म्हणजे खातं बंद केलं की काय. त्या वेळी मला कळलं नाही, पुढे कळलं. आभार मानणं म्हणजे पावती फाडून हिशेब पुरा करणं. आणि मावशीला हिशेब पुरा नकोच होता. तिला तो उघडा राहायला हवा होता. चार वर्षांनी तिच्या नवऱ्याला विषमज्वर झाला, तेव्हा आईने दोन टोपल्या उचलल्या, तशाच दोन गाठी मारल्या. त्या दोघींनी एकमेकींना जन्मात कधी थँक यू म्हटलं नाही. देशावर पेरणी-कापणीला एकमेकांच्या शेतात जातात त्याला सावड म्हणतात, इर्जिक म्हणतात. आमच्या दोन टोपल्यांना काही नाव नव्हतं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. आजही आमच्या भागात, वाडवळ असो, भंडारी असो, ख्रिस्ती असो, त्या घरी शेजाऱ्यांकडून भात-आमटी येते. ती आणणारी बाई भांडं ठेवते आणि निघते. त्या भांड्याला कोणी धन्यवाद म्हणत नाही. भांडं परत जाताना मात्र रिकामं जात नाही, त्यात दोन केळी, मूठभर तांदूळ, निदान साखरेची चिमूट तरी असते. नवं भात आलं की आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या पहिल्या लोंब्या देवळात जातात (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात, पाहुण्यांचा गोंधळ होतो). अर्नाळ्याचे कोळी नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडतात. डोंगरातले वारली कणसरीला दिल्याशिवाय नवं तोंडात घालत नाहीत. तिन्हीकडे रीत एकच: आधी हातातलं काहीतरी जातं, मग तोंडात घास. नुसतं हात जोडून 'थँक यू दर्या' म्हणून नाव लोटणारा कोळी मला तरी भेटला नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला जुनं सगळं सोन्याचं दिसतं. नाही दिसत. उपकाराच्या वहीने माणसं बांधून घातलेली आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहेत. वारल्यांमध्ये लग्नगडी असायचे. लग्नाला सावकाराकडून शे-दोनशे घेतले की नवरा आणि नवी नवरी दोघं जन्मभर त्याच्याकडे राबायची, कधीकधी पोरंही. आणि वर ऐकायचं काय? 'शेठचे उपकार आहेत, त्याने तुझा संसार मांडून दिला.' तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उठाव केला तो या उपकारांविरुद्धच होता. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलंय, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. आणि हे फक्त तिकडे डोंगरात नव्हतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा, त्यानंतरही आमच्या वसई तालुक्यात वेठबिगार निघाले. विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना 1982 साली इथेच त्यासाठी उभी राहिली. तेव्हाही काही बागायतदार म्हणत होते, 'आम्ही यांना जेवायला घालत होतो, कृतघ्न निघाले.'

कृतघ्न हा शब्द कोण कोणाला म्हणतं तेवढं पाहावं. घेणाऱ्याने देणाऱ्याला म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि इथे तर घेणारा शेठच होता. श्रम त्याने घेतले, आयुष्य त्याने घेतलं आणि आभारही त्यालाच पाहिजेत. नाक्यावरच्या फ्लेक्सची आणि त्या शेठची जात मला एकच वाटते. ज्याचं देणं लागतं तोच आभार वसूल करत फिरतो. मावशीच्या दोन गाठी वेगळ्या होत्या, कारण त्यात कोणी वर नव्हतं, कोणी खाली नव्हतं. आज तिची पाळी, उद्या आईची.

आता विरार लोकलकडे येते. माझी बत्तीस वर्षं तिच्यात गेली, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी मला शिकवू नये. पहिली गाडी विरारहून मुंबईला 1867 च्या एप्रिलमध्ये सुटली, दिवसाला एक. आज गाड्या किती आणि माणसं किती ते तुम्ही संध्याकाळी सहाला अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघा. दारात लटकून जाणाऱ्याला आपण सांगतो, कृतज्ञ राहा, नोकरी तरी आहे, गाडी तरी आहे. 11 जुलै 2006 ला याच लाइनवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. रुळांकाठच्या झोपडीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली, त्या चादरींत घालून जखमींना नेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गाडीत चढलो, कारण न चढता पोट भरत नव्हतं. त्याला पेपरवाले, पुढारी, सिनेमावाले सगळे 'मुंबई स्पिरिट' म्हणाले, सलाम म्हणाले. सलाम केला की पुढे काही करावं लागत नाही. ज्यांनी चादरी दिल्या त्यांच्या झोपड्यांना पाणी, संडास द्यावा असं त्या सलामांतून काही निघालं नाही. त्या चादरी तरी कोणी परत दिल्या असतील का, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

आणि त्याच गाडीत मी खरी कृतज्ञता पाहिली आहे, म्हणून तर चीड येते. बायकांच्या डब्यात आमचा आठ जणींचा ग्रुप होता. ज्यांना विरारला बसायला मिळायचं त्यांनी बोरिवलीला उठायचं, असा नियम. लिहिलेला कुठे नाही. बोरिवली आली की उठायचं, उभी असलेली बसायची. पाय दुखत असो, झोप लागलेली असो. एकीला सातवा महिना होता तेव्हा तिला उठवलं नाही, पण मूल झाल्यावर ती कामावर परत आली आणि पहिल्या दिवसापासून तीन महिने ती बसलीच नाही. आम्ही म्हटलं, "अगं बस." ती म्हणायची, "माझं बसून झालंय." गाडीत भाजी निवडायचो. मटार सोलून, मेथी खुडून, ज्या बाईच्या घरी म्हातारी सासू आणि दोन शाळकरी पोरं होती तिची पिशवी आधी पुरी करायची, मग आपली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण, झेंडूची माळ, हळदकुंकू. पण माळ लावण्याआधी डबा पुसायचा. सीटखालची शेंगांची टरफलं, तंबाखूच्या पुड्या, सगळं काढायचं. घरून जुनी फडकी आणायचो. सफाई कामगार बाई एकदा म्हणाली, "तुमी कशाला, मी करते ना." तिला आम्ही पेढा दिला. ती म्हणाली, "पेढा द्या, पण शेंगा रोज खिडकीतून टाका, सीटखाली नको." मग कोणी म्हणालं खिडकीतून पण नको, रुळात पण एक कोणीतरी झाडतंच. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये टरफलांची एक वेगळी पिशवी असायची. पिशवीची पाळीसुद्धा ठरली होती.

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाचला सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. आमच्या बाजूच्या टॉवरमध्येही वाजल्या, जोरात. तिथे मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात काम करणारी एक नर्सबाई भाड्याने राहायची. ती गॅलरीत उभी राहून ऐकत होती. आठवडा झाला नाही तर सोसायटीतल्या तिघांनी तिला निरोप दिला की काही दिवस हॉस्पिटलातच राहाल तर बरं, इथे लहान मुलं आहेत. लिफ्ट वापरू नका म्हणून चिठ्ठी लावली. ती सातव्या मजल्यावर राहायची. त्या दिवसांत लोकल बंद होत्या, अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी त्या सुरू झाल्या 15 जूनला. तोपर्यंत ती एसटीने, बेस्टने तास-तासभर रांगेत उभी राहून जायची आणि परत आली की सात मजले चढायची. तिला मी थाळीचं विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं निदान कचरा तरी उचलतील दारातला."

थाळी वाजवायला काही खर्च येत नाही, माझं म्हणणं एवढंच आहे. लिफ्ट द्यायला मात्र भीती ओलांडावी लागते.

घरातलं तर बोलूच नये. मदर्स डेला माझ्या भाच्याने फेसबुकवर स्वतःच्या आईचा फोटो टाकला, खाली अर्धं पान मजकूर, तू होतीस म्हणून मी आहे वगैरे. पावणेदोनशे लोकांनी अंगठे दाखवले. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे होते. सोळा माणसं जेवली. आई ओट्याशी उभी होती, आणि भाचा आतल्या खोलीत कोणी काय लिहिलं ते वाचत होता. मी म्हटलं, "अरे, अंगठे मोजून झाले असतील तर दोन पातेली घासून टाक." तो म्हणाला, "मावशी, तुला भावनाच कळत नाहीत." तसंही असेल.

बाजारात मात्र याहून वाईट चालतं. पापडीच्या बाजारात बसलेली म्हातारी, समोर अळूच्या जुड्या, पडवळ, दोन फण्या केळी. गाडीतून उतरलेलं जोडपं येतं. वीसची जुडी पंधराला मागतात, दहा मिनिटं घालवून घेतात आणि जाताना गोड आवाजात, "थँक यू मावशी, तुमच्यामुळे आम्हाला ऑरगॅनिक मिळतं." पाच रुपये काढून घेतले आणि त्या जागी थँक यू ठेवलं. म्हातारीला ते पाच रुपये तिकिटाला पाहिजे होते. त्याच जोडप्याने मॉलमध्ये छापील किमतीत एक रुपयाची घासाघीस केली नसेल.

आणि आता जमिनीचं, आमच्या बावखलांचं. बाहेरच्यांना सांगायला हवं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गिरीज, भुईगाव, नंदाखालच्या वाड्यांत, घरामागे एक खणलेलं डबकं असतं. डबकं म्हटलं की आमची जुनी माणसं चिडतात. ते बावखल. पावसाचं पाणी त्यात साठतं, जिरतं, आणि विहिरी गोड राहतात. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, जमीन रेताड, तरी हजार वर्षं इथे केळी, पानवेल, फुलं झाली ती या बावखलांच्या जिवावर. काठावर रहाट, रहाटाला बैल किंवा रेडा, पाटाने पाणी वाफ्यात. आमच्या राजेळी केळ्यांची सुकेळी पूर्वी मुंबईकर नातेवाइकांना पाठवायचो, ती गोडी त्या पाण्याची.

मग मुंबईचं लोण आलं. ऐंशीच्या दशकात इमारती उभ्या राहायला लागल्या, त्यांना पाणी नव्हतं. पाणी वाडीत होतं. वाडीतल्या विहिरींवर मोटारी बसल्या आणि टँकरच्या रांगा लागल्या. केळी पिकवण्यापेक्षा पाणी विकणं सोपं. विहिरी उपसल्या तशा खालून खारं पाणी चढलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं तेव्हा गावोगाव हेच सांगत फिरली, मोर्चे निघाले, माणसांनी मार खाल्ला. फादर पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 साली गेले. गेल्यावर त्यांच्या आभाराचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले. त्यातला एक, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, ज्या जागेवर लावला होता तिथे माझ्या लहानपणी बावखल होतं. भराव टाकून बुजवलेलं.

हे मी त्या फ्लेक्सवाल्याला म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "काकू, बावखल सातबाऱ्यावर नव्हतं." बरोबर आहे. मावशीची दुसरी टोपलीसुद्धा कुठल्या कागदावर नव्हती.

2018 च्या जुलैत पाणी भरलं तेव्हा चार दिवस वीज नव्हती, नालासोपाऱ्याला रुळांवर तळं झालं, गाड्या थांबल्या, मिठागरातली माणसं अडकून पडली. बुजवलेल्या बावखलांचं आणि अडवलेल्या ओहोळांचं पाणी जाणार कुठे? ते आमच्या ओटीवर आलं. पाणी ओसरल्यावर पुन्हा फ्लेक्स लागला, पूरग्रस्तांना बिस्किटं वाटल्याबद्दल.

आमच्या आळीत एक बावखल उरलंय. गेल्या मे महिन्यात त्यातला गाळ काढायचं ठरवलं. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला तेव्हा बासष्ट जणांनी हात जोडले, कोणी लिहिलं 'आपल्या कार्याला सलाम'. रविवारी सकाळी सात जण आले. त्यातले दोघे समोरच्या चाळीतले भाडेकरू, जौनपूरकडचे, फरशी बसवायचं काम करतात. मी विचारलं, तुम्ही कसे आलात, तुमचं तर इथे काही नाही. त्यातला मोठा म्हणाला, "चाचीजी, चाळीच्या बोअरला पाणी इथनंच येतं ना. दोन वर्षं पितोय." त्याने घमेलं उचललं आणि उतरला. बारा वाजेपर्यंत आम्ही गाळ काढला, तो केळीच्या बुंध्यांना घातला. जेवायला माझ्याकडे बटाट्याची भाजी आणि पाव होता. निम्मा गाळ अजून आत आहे. तो पुढच्या मे महिन्यात काढायचाय, पाऊस लागायच्या आधी, आणि या वेळी घमेली कमी पडली होती, तेव्हा ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन यावीत.